आवाज फार, पाणी नाही

६ एप्रिल, सोमवार

प्रिय दादा,

आणि प्रिय वहिनी, कारण दादा हे पाकीट फोडणार नाही आणि तुम्ही फोडल्याशिवाय राहणार नाही. तेव्हा जरा मोठ्याने वाचा. तो वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसला असेल. पान उलटत नसेल तर ऐकतोय असं समजा.

दादा, मी माफी मागायला लिहीत नाहीये. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तू शेवटच्या ओळीपर्यंत तिचीच वाट बघत बसशील. लिहायचं कारण, तुझ्या भाचीचं लग्न ठरलं. नऊ मे, शनिवार. मुलगा दातांचा डॉक्टर आहे. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघतो, बाकी काही खोड नाही. सकाळी नोंदणी कचेरीत सह्या आणि दुपारी शाळेच्या मैदानावर जेवण. मैदानावर मांडव लागणार. तुझ्या भाचीने साफ सांगितलंय की मांडव मामाचा, नाहीतर सगळ्यांनी उन्हात जेवा. आणि मांडव घालून मामाने पळून जायचं नाही, आमच्याबरोबर पंगतीत बसायचं.

फोनच केला असता. पण दोन वर्षं झाली, माझा ‘हॅ’ ऐकला की तू फोन ठेवतोस. ‘लो’ म्हणायची पाळीच येत नाही.

वहिनी, याने तुम्हाला काय सांगितलंय ते मला माहीत नाही, म्हणून घडलं ते लिहिते. तुम्हाला ठाऊक आहे की मी हवामान कचेरीत रडारवर बसते. आमच्या गच्चीवर तो मोठा पांढरा गोळा आहे ना, त्याच्या आत एक थाळी गरगर फिरत असते. ती लहरी सोडते, लहरी ढगातल्या थेंबांवर आपटून परत येतात आणि मला पडद्यावर ढग रंगांत दिसतात. हिरवा म्हणजे किरकोळ, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे चहा बाजूला ठेवा. दुपारी एकदम आठ-दहा वादळं उठतात आणि यंत्र प्रत्येकाला एक नंबर देतं. वादळ दुभंगलं की नंबर बदलतो. कुणाच्या बापाला लक्षात राहत नाही. म्हणून आमच्या जुन्या साहेबांनी फार पूर्वी पद्धत पाडली की वादळांना नात्यातल्या माणसांची नावं द्यायची. नियम एकच, प्रत्येकाने आपलेच नातेवाईक वापरायचे, दुसऱ्याचे नाही. कागदावर कुठेही लिहायचं नाही, नुसतं तोंडी. न कळवता येऊन तळ ठोकून बसतं ते आत्याबाई. सगळीकडे थोडं थोडं शिंपडून जाते ती मावशी. आमच्या एका सहकाऱ्याचे साडू आहेत, ते नेहमी शेवटच्या क्षणी दिशा बदलतात.

आणि दादा. तुला माहीत आहे दादा कोण.

त्या दिवशी तू कुठल्याशा कारखान्याच्या बक्षीस समारंभाचा मांडव घातला होतास. आभाळ काळं झालं. तू मला विचारायला कचेरीत फोन लावलास आणि मी नेमकी चहाला गेले होते. फोन भोंग्यांनी उचलला. भोंगा म्हणजे माझ्या शेजारच्या पडद्यावर बसणारे गृहस्थ. माणूस सोन्यासारखा, पण हळू बोलणं देवाने त्यांना दिलेलंच नाही. ते कुजबुजले तरी खालच्या मजल्यावरचा शिपाई ‘काय साहेब?’ म्हणत वर येतो. भोंगा तुला म्हणाले, काही काळजी करू नका, हा दादा आहे, आवाज फार, पाणी नाही. आमच्या बाईंच्या भावावरून नाव पडलंय. तू विचारलंस, कुठल्या बाई? त्यांनी माझं नाव सांगितलं, वर हुद्दाही सांगितला. मग तू म्हणालास, “मी त्यांचा भाऊच बोलतोय.”

आणि फोन आपटलास.

आता मला एक सांग. तू मला भिंगरी हे नाव ठेवलंस तेव्हा मी पाच वर्षांची होते. आज माझी लेक लग्नाला आलीय आणि तरी तू माझ्या सासरच्या भरल्या घरात ‘भिंगरी कुठाय’ म्हणून हाक मारत होतास. सासूबाईंना वाटलं मला चक्कर येण्याचा आजार आहे. मी धरला का अबोला?

मांडवाचं कळव.

तुझी,
भिंगरी

१५ एप्रिल, बुधवार

प्रिय दादा,

वहिनींचा निरोप मिळाला. म्हणजे पत्र तू न वाचता केराच्या टोपलीत टाकलंस, आणि मग जन्मात पहिल्यांदा केराची टोपली रिकामी करायला स्वतः उठलास. गोदामात अर्धा तास होतास म्हणे. केर फार असेल.

निरोपात आणखी एक होतं. तू म्हणालास, “मी बोलतो तेव्हा नुसताच आवाज असतो काय?” हे वाचून मात्र मला वाईट वाटलं. तेव्हा आज नीट समजावून सांगते. वहिनी, इथे त्याच्या हातातलं वर्तमानपत्र काढून घ्या.

वादळ कसं वाढतं ते ऐक. लोकांना वाटतं ते लांबून चालत येतं. तसं नाही. दुपारी जमीन तापते, हवा वर चढते, वर गेली की गार होते आणि तिथे थेंब धरतात. म्हणून पडद्यावर पहिला ठिपका दिसतो तो खूप वर. आमचं रडार आभाळाचे थर कापून दाखवतं, सगळ्यात खालचं चित्र, त्यावरचं, त्याच्याही वरचं. खालच्या चित्रात अजून काहीच नसतं आणि वरच्यात एक हिरवा ठिपका बसलेला असतो. पुढच्या फेरीला तो जरा मोठा. आम्ही म्हणतो, बाळसं धरलं. मग मध्ये पिवळं येतं, मग लाल, आणि डोकं वर वर जात राहतं. मग कधीतरी वरच्या हवेला ते पाणी पेलवत नाही आणि सगळं खाली यायला लागतं. खाली आलेली गार हवा जमिनीवर पसरते आणि स्वतःचाच खालचा पुरवठा तोडते. तासाभरात खेळ खलास. वादळ स्वतःच्याच पावसाने मरतं, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कळलं तेव्हा मी जेवले नव्हते.

आता दादा. दादाचं सगळं असंच होतं, किंबहुना जास्त जोरात होतं. वर नुसता लाल. विजा कडाडतात, कुत्री पलंगाखाली शिरतात. फक्त खालचं चित्र कोरडं राहतं, कारण जमिनीजवळची हवा कोरडी असते आणि ती पडणारं पाणी वाटेतच पिऊन टाकते. खाली माणसं तोंड वर करून उभी राहतात आणि त्यांना मिळतो नुसता वारा आणि धूळ.

म्हणजे बघ, पाणी नसतं असं नाहीच मुळी. पाणी असतं. भरपूर असतं. खाली पोचत नाही. भोंग्यांनी हे सांगायला हवं होतं.

आणि तुझंही तसंच आहे, हे मी चांगल्या अर्थाने म्हणते. आपले बाबा गेले तेव्हा तू मांडववाल्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांवर तासभर ओरडत होतास, आठवतंय? त्यांनी फक्त हार आणला होता. तू ओरडलास तेव्हा मला कळलं होतं की तुला रडायचंय. मला कळतं, कारण मी शिकलेय. पण अध्यक्ष थोडेच रडारवर बसतात.

हे वाचून परत तोंड फुगलं असेल तर मी काय करू? मी हे चांगल्या अर्थाने म्हटलंय असं वर लिहिलंच आहे.

मांडवाचं कळव. व्याही रोज विचारतात. आमचे व्याही शाळेत गणित शिकवायचे. त्यांना कळलं की मी हवामान कचेरीत आहे, तेव्हापासून ते रोज सकाळी फोन करून नऊ तारखेला पाऊस किती टक्के ते विचारतात. मी म्हटलं, अहो, इतक्या आधी रडार काय सांगणार, ते वादळ अजून जन्मालाही आलं नाही. ते म्हणाले, अंदाजे सांगा.

तुझी,
भिंगरी

२४ एप्रिल, शुक्रवार

प्रिय दादा,

काल तू जे केलंस ते बघून आमची सगळी गल्ली खिडकीत आली होती.

तुझा मुकादम फीत घेऊन मैदानावर आला, इथपर्यंत ठीक. मला म्हणाला, मालकांनी पाठवलंय, मापं घ्यायचीत. मी म्हटलं, मालक कुठायत? त्याने मान न वळवता बुबुळं तेवढी कोपऱ्याकडे नेली. तिथे तुझा टेम्पो. काचा वर. एप्रिलचं ऊन आणि काचा वर, दादा. तू आत भाजत होतास.

मग मुकादमाच्या खेपा सुरू झाल्या. मी विचारलं, कनात तिन्ही बाजूंनी लावणार का? तो बिचारा धावत कोपऱ्यापर्यंत गेला, काच दोन बोटं खाली झाली, तो धावत परत आला. “मालक म्हणतात, ग्राहकांची इच्छा असेल तसं.” मी म्हटलं, ग्राहकांना सांग की ग्राहक लहान असताना मालकांनी तिला सायकलवरून पाडलं होतं. तो पुन्हा गेला. काच खाली. परत आला. “मालक म्हणतात, त्याचा कनातीशी संबंध नाही.”

चौथ्या खेपेला त्याला धाप लागली. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तिथूनच हाका मारायला लागले. तू काच पूर्ण वर केलीस. मला तुझे ओठ हलताना दिसत होते. आत बसून तू माझ्याशी भांडत होतास, दादा, आणि मला एक शब्द ऐकू येत नव्हता.

शेवटी मुकादमाने निरोप दिला तो असा. मांडव घालू. मेखा जास्त ठोकू, कारण दिवस वाऱ्याचे आहेत. सकाळी माणसं उभी राहतील, संध्याकाळी सोडवून नेतील. “आणि मालक म्हणतात, जेवायला आम्हाला धरू नका.”

मी घरात येऊन भांडी आदळली. हे म्हणाले, बघू. लग्न झाल्यापासून हे ‘बघू’ म्हणतायत, आणि अजून काही बघितलेलं नाही.

तेव्हा ऐक. मांडव मला कुणीही घालून देईल. गावात तू एकटा नाहीस. मला मांडवात तू हवायस. माझ्या लेकीच्या ताटाशेजारी तुझं ताट हवंय. तू नुसता तोंड फुगवून बसलास तरी चालेल, तोंड फुगवलेल्या माणसाला जेवता येतं. बाबा नाहीत, आई नाही. माझ्या बाजूने त्या पंगतीत माझ्या लहानपणीचं कोणी म्हणून तू एकटाच उरलायस.

एक काम मी माझ्यापुरतं करून टाकलंय. कचेरीत दादा हे नाव बंद केलं. सगळ्यांना उभं करून सांगितलं की यापुढे हा शब्द या खोलीत ऐकू आला तर मी बदलीचा अर्ज करीन. भोंग्यांना फार जड गेलं. परवा तशाच एका कोरड्या वादळाने डोकं वर काढलं, तर ते पडद्याकडे बघून म्हणाले, “बाई, ‘ते’ आलेत.” बायका नवऱ्याबद्दल बोलतात तसं. आता सगळी खोली ‘ते’ म्हणते. ते उठलेत, ते तापलेत, ते गेले. नव्या साहेबांना वाटलं वरचे अधिकारी तपासणीला येतायत. त्यांनी टेबल आवरलं.

तुझी ग्राहक,
भिंगरी

३ मे, रविवार

प्रिय दादा,

वहिनींनी फोनवर हळूच सांगितलं की तू कपाटातून तुझा तो पांढरा अंगरखा काढून उन्हात टाकलास. मग त्यांनी विचारल्यावर म्हणालास, कसर लागेल म्हणून टाकलाय. मी यातून काहीही अर्थ काढत नाहीये. आमच्या धंद्यात एका ठिपक्यावरून पाऊस जाहीर करत नाहीत.

नऊ तारखेचं मात्र मला बरं दिसत नाही. रोज दुपारी वादळं उठतायत. सगळी ‘ते’ जातीची. काल एकाने आमच्या कचेरीवरच येऊन थैमान घातलं. वर इतका गडद लाल की भोंगा उभे राहिले. गडगडाटात भोंग्यांचं बोलणं मला ऐकू आलं नाही, हे आमच्या कचेरीत प्रथमच घडलं. आणि खाली सायकल ठेवायच्या छपरावर चार थेंब. शिपायाने मोजले, असं तो म्हणतो.

मला एक सांगायचंय, ते वहिनींनी मनात वाचावं आणि मग पत्र त्याच्या हातात द्यावं.

दादा, पडद्यावर दहा वादळं असली तर मी जास्त वेळ त्या एकाकडेच बघते. कामाच्या दृष्टीने ते बरोबर नाही. आत्याबाई पूर आणतात, त्यांच्याकडे बघायला हवं. पण हा एवढा उंच जातो, एवढा तापतो, आणि मी खालचं चित्र सारखं उघडून बघते की या वेळी तरी जमिनीपर्यंत पोचतोय का. नाही पोचला की मला चुटपुट लागते. नाव ठेवलं ते चेष्टेने, हे खरं. पण बघत बसते ती चेष्टेने नाही. तुझी आठवण येते म्हणून बघते. आता लिहून टाकलं.

मांडवाबद्दल एक धंद्याची गोष्ट. पाणी न पोचवणारं वादळ मांडवाला जास्त वाईट. त्याच्या पोटातून खाली येणारा वारा कनातीत शिरतो आणि खांब उपटतो. खाली माणसं जेवत असतील, मुलं असतील. त्या दिवशी कचेरीत भोंगा आणि आणखी दोघं पडद्यावर आहेत. गरज वाटली तर त्यांना फोन कर. मी उचलणार नाही, मी त्या दिवशी वधूची आई आहे. तेव्हा तुला फोन आपटावा लागणार नाही.

तुझी,
भिंगरी

८ मे, शुक्रवार

दादा,

ही चिठ्ठी मुकादमाबरोबर देते आहे.

मांडव बघून आले. सुरेख घातलायस. छताला एक सुरकुती नाही, दोर वाजवून बघितले तर टणटण वाजले. लेक आत जाऊन मधोमध उभी राहिली आणि बराच वेळ वरच बघत होती. मी तिला विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, मामाने घातलाय.

तू रचून ठेवलेल्या खुर्च्यांमागे लपला होतास. खुर्च्यांना पाय असतात, दादा, पण त्यांत वहाणा नसतात. तुझ्या भाचीनेही बघितलं. आम्ही दोघी तशाच परत फिरलो.

काल संध्याकाळी चांगली सर येऊन गेली, माती ओली आहे. मेखा पुन्हा एकदा ठोकून घे.

उद्या ये. एवढंच.

भिंगरी

११ मे, सोमवार

प्रिय दादा,

परवापासून तू भेटेल त्याला ती हकिगत सांगतोयस असं वहिनी म्हणाल्या. सांग. पण त्यात एक चूक आहे आणि ती दुरुस्त करायला हे पत्र. समोर बसून मला ते सांगता येणार नाही. समोर बसलं की आपण भांडतो.

तुझ्या बाजूचं तुला माहीत आहे, माझ्या बाजूचं ऐक. सह्या झाल्या, मंडळी मैदानावर आली, तू टेम्पोत. काचा वर. अंगात मात्र पांढरा अंगरखा, तो मी लांबून बघितला आणि जीव जरा भांड्यात पडला. पहिली पंगत बसायच्या बेतात होती. मी सहज वर बघितलं, तर पश्चिमेला एका ढगाने डोकं काढलेलं. कडा कोरलेल्या, कोबीसारख्या. अशी कड असली म्हणजे तो अजून वाढतोय. माझ्या हातात वाढपाचं भांडं होतं, ते मी यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, जरा कचेरीत जाऊन येते. हे म्हणाले, बघू. म्हटलं, तेच बघायला चाललेय.

रस्त्यात व्याही आडवे आले. ते सकाळपासून आभाळाकडेच बघत होते. त्यांना वाटलं मी पळून चाललेय. सगळं सांगितल्यावर त्यांनी स्कूटर काढली. भरजरी साडी, अंबाड्यात फुलं, मागे मी, पुढे फेटा बांधलेले व्याही, आणि ते ओरडून विचारतायत, किती टक्के? चौकातल्या पोलिसाने आम्हाला सलाम केला. काय समजून केला ते मला माहीत नाही.

वर गेले तेव्हा भोंगा पडद्याला नाक लावून बसले होते. ठिपका होता म्हणायचे दिवस संपले होते. वर लाल, मध्ये लाल, डोकं अजून चढतंय. आणि तोंड सरळ शाळेच्या मैदानाकडे. ‘ते’, भोंगा म्हणाले. मी सवयीने खालचं चित्र उघडलं. कोरडं. म्हणजे नेहमीसारखं, वारा येणार, मांडव उडणार, पाणी नाही. पण मग मला गुरुवार संध्याकाळची सर आठवली. जमिनीजवळची हवा ओली होती. वाटेत पाणी पिऊन टाकायला कुणी नव्हतं. पुढच्या फेरीची वाट बघितली. थाळी फिरली, चित्र बदललं, आणि सगळ्यात खालच्या थरात रंग उतरला. आधी हिरवा, लगेच पिवळा.

आणि फोन वाजला.

भोंग्यांनी उचलला. ‘हवामान कचेरी’ म्हणाले, ऐकलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “तुमचा आहे.” दादा, ते हळू बोलले. शिपाई वर आला नाही.

मी फोन कानाला लावला. स्कूटरवरून जाताना तू मला टेम्पोतून बघितलं असणार, कारण मी बोलायच्या आधीच तू विचारलंस, “मी कुठवर आलोय?”

तू नंतर जेवताना सांगत होतास, आणि अजूनही सांगतोयस म्हणे, की मी एवढं विचारलं आणि नेमकी लाइन कट झाली, चार-पाच वेळा हॅलो हॅलो केलं तेव्हा कुठे लागली. तिथे येते आहे मी. त्याआधी बाकीचं लिहून घेते, कारण ते आठवलं की मला अजून हसू येतं.

मी म्हटलं, “अगदी दारात आलायस, दादा. आणि या वेळी बरसणार आहेस.” तू म्हणालास, “नक्की?” तुझ्या आवाजात भीती असायला हवी होती, मांडव तुझा होता. भीती नव्हती. मी म्हटलं, नक्की, मांडव सोड. तू एकदाही उलट विचारलं नाहीस. पाहुणे ताटं घेऊन शाळेच्या व्हरांड्यात धावले, तुझ्या माणसांनी दोर सोडले. लेक सांगते, छत जमिनीवर उतरलं आणि वारा आला. पहिल्याच झोताने रिकाम्या खुर्च्या मैदानाच्या पलीकडे नेल्या. त्या जागी तेव्हा मुलं बसलेली असती. मग आला तो पाऊस.

मी आणि व्याही परत पोचलो तेव्हा सगळं वऱ्हाड व्हरांड्यात उभ्याने जेवत होतं आणि तू एकटा मैदानाच्या मधोमध, पांढऱ्या अंगरख्यात, नखशिखान्त भिजलेला. मी विचारलं, हा असा का उभा आहे? दातांचा डॉक्टर गंभीरपणे म्हणाला, मामा सगळ्यांना ओरडून सांगतायत की हा मी आहे. व्याह्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या भावाच्या डोक्यावर काही परिणाम झालाय का? मी म्हटलं, नाही, पहिल्यांदाच जमिनीवर पोचलाय. ते पुन्हा आभाळाकडे बघायला लागले.

मग तू वर आलास, अंगरखा पिळलास, भाचीच्या शेजारी भिंतीला टेकून बसलास आणि तिच्या ताटात जेवलास. माझ्याशी बोललास ते एवढंच की मीठ कमी पडलंय. मी म्हटलं, पावसाने धुऊन गेलं असेल. तू म्हणालास, “मग मीच नेलं की.” आणि तू हसलास, आणि मी वाढायला उठले, कारण तिथे बसवेना.

भोंगा आज सकाळी विचारत होते, बाई, ते नाव परत वापरायला हरकत नाही ना? मी म्हटलं, त्याला विचारा, त्याचं आहे.

आता ती चूक. तू ‘मी कुठवर आलोय’ म्हणालास आणि पलीकडे आवाज बंद झाला. तू हॅलो हॅलो म्हणत होतास ते मला सगळं ऐकू येत होतं. व्याही दारात उभे होते, भोंगा खिडकीतून बाहेर बघत होते, आणि माझ्या पदराचं टोक माझ्या तोंडात होतं. दोन वर्षांनी तू मला फोन केला होतास आणि पहिलाच प्रश्न तो विचारलास.

तेव्हा लोकांना लाइन कट झाली म्हणून सांगू नकोस. लाइन चालू होती, दादा. मला रडू फुटलं होतं.

तुझी,
भिंगरी